रिमोटवरच्या जीपची बॉडी : आधी वजन, मग रूप

मालमोटारीचा किंवा बसचा सांगाडा, म्हणजेच चॅसिस, एका ठिकाणी विकत घ्यायचा आणि त्यावरची बॉडी दुसऱ्या ठिकाणी बांधायची, ही पद्धत भारतात जुनी आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी आणि चिकलठाणा येथील कार्यशाळांमध्ये एस.टी.च्या कितीतरी बसगाड्या याच रीतीने उभ्या राहिल्या. छंद म्हणून चालविल्या जाणाऱ्या दूरनियंत्रित, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या जगातही हीच विभागणी आढळते. मोटर, बॅटरी, गिअर, ॲक्सल आणि चाके असलेला सांगाडा तयार मिळतो. त्यावरची बॉडी मात्र हौशी मंडळी स्वतः घडवू शकतात. खडक, चिखल आणि चढ-उतारांसाठी असलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या बाबतीत हे काम केवळ शोभेचे नसते. उत्तम सांगाडाही चुकीच्या बॉडीमुळे साध्या उतारावर कलंडू शकतो.

या छंदाच्या इतिहासात बॉडीच्या साहित्याचे दोन प्रवाह दिसून येतात. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली. १९७९ मध्ये याच कंपनीच्या रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या ऑफ-रोड बग्गी आल्या. त्यांच्या बॉडी साच्यात ओतलेल्या कठीण प्लॅस्टिकच्या होत्या; दिसायला देखण्या, पण वजनदार आणि जोराने आदळल्यास तडकणाऱ्या. १९८४ मध्ये अमेरिकेतील टीम असोसिएटेड कंपनीची आरसी१० ही शर्यतीची बग्गी आली. शर्यतीच्या मैदानात पुढे पातळ, पारदर्शक आणि लवचीक पॉलिकार्बोनेटच्या बॉडीचेच राज्य झाले. लेक्झान हे पॉलिकार्बोनेटचे एक व्यापारी नाव. परंतु छंदाच्या दुकानांत ते आता या साहित्याचेच नाव होऊन बसले आहे. कठीण बॉडी मात्र नामशेष झाली नाही. वेगापेक्षा खडकावर संथपणे चढण्याला महत्त्व देणाऱ्या क्रॉलर गाड्या लोकप्रिय झाल्या, तेव्हा खऱ्या गाडीसारखे हुबेहूब रूप हवे असलेल्यांनी तिला पुन्हा जवळ केले. स्वतः बॉडी घडविणाऱ्यांचा मोठा वर्ग याच क्रॉलर गाड्यांभोवती आहे.

प्रमाण कोणते धरावे?

खोक्यावर १/१० असे छापलेले असते, म्हणून खऱ्या गाडीच्या प्रत्येक मापाला दहाने भागायचे, ही नवशिक्यांची समजूत असते. प्रत्यक्षात हा आकडा बहुधा वर्गाचे नाव असतो, काटेकोर माप नव्हे. उदाहरण म्हणून विलीज एमबी या दुसऱ्या महायुद्धातील जीपचा विचार करता येईल. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर, ८० इंच अर्थात २०३२ मिलिमीटर होते. त्याला दहाने भागले तर २०३ मिलिमीटर येतात. परंतु १/१० वर्गातील अनेक क्रॉलर सांगाड्यांचा व्हीलबेस ३१३ मिलिमीटर असतो. म्हणजे बॉडी तब्बल ११ सेंटिमीटरने तोकडी पडते. अशा वेळी काही जण जीपलाच मधून ताणतात आणि मग ती जीप न दिसता लांबट होडगे दिसू लागते.

त्यापेक्षा उलट दिशेने हिशेब करणे शहाणपणाचे. २०३२ ला ३१३ ने भागल्यास सुमारे ६.५ हा आकडा मिळतो. विलीजचे टायर ६.००-१६ या मापाचे होते. त्यांचा व्यास अंदाजे २८ इंच, म्हणजे ७११ मिलिमीटर. त्यास ६.५ ने भागले की १०९ मिलिमीटर येतात आणि या वर्गातील क्रॉलरचे टायर साधारण तेवढेच असतात. डाव्या-उजव्या चाकांमधील ४९ इंचांचे अंतर याच प्रमाणात १९१ मिलिमीटर होते. तेही अशा सांगाड्यांच्या जवळपास जाते. तात्पर्य, खोक्यावर १/१० लिहिलेल्या या सांगाड्यावर विलीज जीप १/६.५ या प्रमाणात चपखल बसते. बॉडीची रुंदी मग सुमारे २४२ आणि लांबी ५१७ मिलिमीटर धरावी लागते.

भारतीय वाचकांना या उदाहरणाचा एक व्यावहारिक लाभ आहे. महिंद्र कंपनीने पुढे दीर्घकाळ बनविलेल्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपचा व्हीलबेसही ८० इंचच होता आणि अशा जुन्या जीप देशाच्या अनेक भागांत अद्याप पाहावयास मिळतात. मालकाची परवानगी घेऊन मोजपट्टी लावणे हे छायाचित्रावरून मापे काढण्यापेक्षा केव्हाही विश्वसनीय ठरते. जवळून घेतलेल्या छायाचित्रात कॅमेऱ्याकडील भाग मोठा आणि मागचा भाग लहान दिसतो. त्यावरून काढलेल्या आराखड्यात बॉनेट नेहमीच फुगते.

वजनाचा हिशेब

गाडी आडव्या उतारावर केव्हा उलटेल, हे दोन मापांवर ठरते : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा अर्धा भाग आणि गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. एक उदाहरण घेऊ. सांगाड्याचे वजन बॅटरीसह २ किलो, त्याचा गुरुत्वमध्य ७५ मिलिमीटर उंचीवर आणि चाकांमधील अंतर १९० मिलिमीटर आहे असे मानू. त्यावर २०० ग्रॅमची पातळ बॉडी बसविली आणि तिचे वजन सरासरी १७० मिलिमीटर उंचीवर असेल, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ८४ मिलिमीटरवर जातो. अशी गाडी साधारण ४९ अंशांच्या कलापर्यंत तग धरते. त्याच सांगाड्यावर १८० मिलिमीटर उंचीवर भार असलेली ७०० ग्रॅमची बॉडी चढविली, तर गुरुत्वमध्य १०२ मिलिमीटरवर पोहोचतो आणि गाडी ४३ अंशांतच उलटते. प्रत्यक्षात स्प्रिंग खालच्या बाजूला दबत असल्याने दोन्ही आकडे आणखी कमी होतात. सहा अंशांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी खडकावर तोच निर्णायक ठरतो.

म्हणून साहित्य निवडताना ते दिसते कसे यापेक्षा ते भरते किती, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. बॉडीचे एकूण पृष्ठफळ २,००० चौरस सेंटिमीटर धरले, तर १ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे वजन सुमारे २४० ग्रॅम होते. २ मिलिमीटरच्या एबीएस प्लॅस्टिकचे ते ४२० ग्रॅमपर्यंत जाते. अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा वापरल्यास मात्र ७८५ ग्रॅमचा भार पडतो. पत्र्याची जीप टेबलावर फार सुंदर दिसते. तिची जागाही बहुधा तीच असते.

विलीजसारखी जीप नवशिक्यांना सोयीची, कारण तिचे बहुतेक भाग सपाट आहेत. पॉलिस्टायरिनचे किंवा एबीएसचे पत्रे कापून, चौकोनी टबासारखी बॉडी जोडता येते. जाहिरातफलकांसाठी वापरला जाणारा सनबोर्डही हलका आणि सहज मिळणारा आहे. सनबोर्ड म्हणून विकला जाणारा पत्रा पुष्कळदा फेसाळ पीव्हीसीचा असतो. तो तापलेल्या तारेने कापू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. साध्या कटरने दोन-तीन हलके घाव देऊन तो व्यवस्थित तुटतो.

उघड्या जीपची खरी अडचण वेगळीच आहे. खऱ्या जीपमध्ये माणसाचे पाय जेथे असतात, तेथे प्रतिकृतीत मोटर आणि गिअरबॉक्स असतो. त्यामुळे आतील तळ वर उचलून घ्यावा लागतो आणि आसनेही उथळ करावी लागतात. चालकाची बाहुली बसवायची असल्यास ती कमरेच्या वरची आणि पोकळ असावी. टपासाठी पत्रा न वापरता कापड वापरल्यास सर्वांत उंच जागचे वजन वाचते.

निर्वात ओढीने घडण

बॉनेट आणि मडगार्ड यांसारख्या वळणदार भागांसाठी निर्वात ओढीची पद्धत वापरतात. लाकूड, एमडीएफ किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिस यांचा भरीव साचा करून तो सच्छिद्र फळीवर ठेवतात, चौकटीत आवळलेला प्लॅस्टिकचा पत्रा मऊ होईपर्यंत तापवतात आणि तो साच्यावर दाबून खालून हवा खेचून घेतात. हवा पत्र्याला खाली ओढते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खालची हवा कमी झाल्यावर वरच्या वातावरणाचा दाब पत्र्याला साच्यावर दाबून बसवतो. पूर्ण निर्वात स्थितीत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर त्याचा थोडाच अंश निर्माण करू शकतो; तरीही पातळ पॉलिस्टायरिनच्या बॉनेटसाठी तेवढा पुरतो. बारीक रेषा आणि खाचा उमटवायच्या तर मात्र पंप हवा.

साचा करताना त्याच्या उभ्या बाजूंना ३ ते ५ अंशांचा उतार द्यावा, अन्यथा थंड झालेला पत्रा साच्याला घट्ट धरून बसतो. आतल्या बाजूला वळणारी खोबण तर ठेवूच नये. खोलगट कोपऱ्यांत एक मिलिमीटरहून बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. पत्रा ताणला की तो पातळ होतो, हेही विसरून चालत नाही. एखाद्या जागी त्याचे क्षेत्र दुप्पट झाले, तर जाडी निम्मी उरते. उंच साच्याच्या तळाकडील कोपरे सर्वप्रथम फाटतात ते यामुळेच.

पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, तर पॉलिकार्बोनेटला १५० अंशांच्या बरेच पुढे जावे लागते. शिवाय पॉलिकार्बोनेट हवेतील ओलावा शोषून घेते. तसाच पत्रा तापविल्यास आतील पाण्याची वाफ होऊन त्यात बारीक बुडबुडे उठतात आणि काचेसारखी पारदर्शकता नष्ट होते. त्यासाठी पत्रा सुमारे १२० अंशांवर काही तास सुकवून घेतात. मुंबई, कोची किंवा कोलकाता येथील पावसाळ्यात ही पायरी गाळणे म्हणजे महागडा पत्रा वाया घालविणे होय. हे काम हवेशीर जागी आणि स्वयंपाकासाठी न वापरल्या जाणाऱ्या भट्टीतच करावे.

अलीकडे त्रिमितीय मुद्रणामुळे साच्याचीच गरज उरलेली नाही, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. या यंत्रांत सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते आणि विदर्भातील किंवा राजस्थानातील उन्हाळ्यात बंद मोटारीत, काचेजवळ ठेवलेली बॉडी एका दुपारीत वाकडी होऊ शकते. पीईटीजी किंवा एबीएस हे पर्याय अधिक टिकाऊ आहेत. लोखंडी जाळी, आरसे, दिवे असे लहान भाग मुद्रित करून बाकीची बॉडी पत्र्याची ठेवणे, हा मार्ग वजनाच्या दृष्टीनेही बरा.

कापणी, रंग आणि जोडणी

पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडी आतून रंगविली जाते, जेणेकरून बाहेरून ओरखडे पडले तरी रंग टिकून राहावा. त्यामुळे रंगांचा क्रम उलटा होतो. प्रथम बारीक तपशील, मग गडद रंग, त्यानंतर फिकट रंग आणि शेवटी सर्वांवर पाठराखण करणारा एक हात. फिकट रंग आधी दिल्यास त्याच्या कडेतून मागचा गडद रंग डोकावतो. रंगण्यापूर्वी आतील बाजू भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन तेलकटपणा काढावा. पॉलिकार्बोनेटसाठीचेच रंग वापरावेत; साधा स्प्रे बॉडी वाकताच पापुद्र्यांनी सुटतो. थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल यांचा तर स्पर्शही नको. त्यांनी हे साहित्य आतून तडकते.

चाकांच्या कमानी कापताना गाडी सपाट जमिनीवर उभी असताना दिसणारी जागा फसवी असते. एका बाजूची स्प्रिंग पूर्ण दाबून आणि पुढची चाके शेवटपर्यंत वळवून टायर कोठे घासतो ते पाहावे व खूण त्यानंतर करावी. कापलेल्या कोपऱ्यात टोकदार खाच राहिल्यास चीर तेथूनच सुरू होते. म्हणून कोपऱ्यावर आधी गोल छिद्र पाडून मग त्या छिद्रापर्यंत कापतात. रंग पूर्ण वाळल्यावर आतून, जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर लावतात ती फायबरच्या जाळीची पट्टी लवचीक गोंदाने चिकटविल्यास कमानींना बळकटी येते. मोटरजवळ हवा खेळती राहण्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवणे आवश्यक आहे.

हे सर्व रंगकाम करण्यापूर्वी मात्र एक चाचणी घ्यावी. कोरी बॉडी, बॅटरी आणि बाहुलीसह गाडी एका फळीवर आडवी उभी करावी, खालच्या चाकांशी पातळ पट्टी ठोकून ती घसरणार नाही असे पाहावे आणि फळीची दुसरी कड हळूहळू उचलावी. वरची चाके सुटू लागतील तो कोन मोजून ठेवावा. नंतर बॉडी काढून केवळ सांगाड्याची तीच चाचणी घ्यावी. दोन्ही कोनांत पाच-सहा अंशांहून अधिक तफावत आढळल्यास बॉडीचे आधारखांब काही मिलिमीटरने कापून ती खाली बसवावी, बॅटरी ॲक्सलच्या पातळीजवळ आणावी आणि फळी पुन्हा उचलावी.