दोन गोष्टी सांगायचे पैसे कसे घ्यायचे?
सल्ला आणि प्रशिक्षणाच्या छोट्या व्यवसायाची पहिली तयारी



"ताई, उद्या आमच्या गावाले येता का? गटाचं दप्तर पार बिघडलं आहे. दोन गोष्टी सांगून द्या ना."

असा फोन आपल्यापैकी कितीतरी जणींना येतो. आपण नाही म्हणत नाही. वावरातलं काम उद्यावर टाकतो, सकाळीच स्वयंपाक उरकतो, मिळेल त्या गाडीनं निघतो. दिवसभर रोखवही, कर्जखाते, इतिवृत्त समजावून सांगतो. निघताना चहा होतो, ओटी भरली जाते, फोटो निघतो. भाडं मात्र आपल्याच पदरचं आणि दिवसाची मजुरीही बुडालेली. घरी कुणी विचारलं तर आपणच म्हणतो, "त्यात काय एवढं, दोन गोष्टी तर सांगितल्या."

त्या दोन गोष्टी शिकायला आपल्याला किती वर्षं लागली, ते आठवा. परगावी राहून गट बांधायला शिकवणाऱ्या वर्धिनी, पशुसखी, कृषिसखी, बँकसखी या सगळ्या जणी लोकांना आपलं ज्ञानच देतात. शहरात हेच काम करणाऱ्याला सल्लागार म्हणतात आणि तो आधी दर सांगतो. केरळात कुडुंबश्रीच्या महिलांनी बचत गटांचे हिशोब तपासण्याचे स्वतंत्र गट उभे केले आणि त्या कामाचा त्यांना मोबदला मिळतो. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. पण आधी काही कागद नीट करावे लागतील आणि काही गोष्टी तोंडावर बोलाव्या लागतील.

पैसे मागणं बरं दिसतं का?

आपण पवनारच्या. धामच्या काठावरच्या परमधाम आश्रमात विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला आणि १९५९ साली भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. अशा गावात राहून ज्ञानाचे पैसे मागायचे, हे काहींना खटकतं. पण त्याच आश्रमानं अंगमेहनतीला मान दिला. आणि गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा हे मुळात हिशोबतपासनीस होते. श्रमाचा मान आणि चोख हिशोब, दोन्ही इथलेच.

शेजारणीला ओट्यावर बसून सांगितलं तर ते फुकटच असू द्या. आपल्या गटातल्या नव्या बाईला शिकवलं तर तेही. पण एखादी संस्था, कंपनी, दुसऱ्या तालुक्यातला गट किंवा कार्यालय तुमचा दिवस मागतं, तेव्हा ते काम आहे. कुठलं फुकट आणि कुठलं कामाचं, हे तुम्हीच आधी ठरवा. नाहीतर समोरचा ठरवतो.

आधी ठरवा : काम कुणाचं?

भांडणं इथेच होतात, म्हणून हे पहिल्यांदा.

१. संघाचं काम. तुम्ही संघाच्या वतीनं, मानधनावर गेल्या असाल तर त्याच कामाचे त्या गटाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. गेले तर पैशासोबत नावही जातं.

२. गटाचं काम. बोलावणं गटाला आलं असेल तर सभेत ठराव घ्या: कोण जाणार, जाणारीला किती, गटाला किती. ठराव इतिवृत्तात लिहा. पैसे गटाच्याच खात्यात येऊ द्या आणि मग वाटा.

३. तुमचं स्वतःचं काम. बोलावणं तुम्हाला, दिवस तुमचा, पैसे तुमच्या खात्यात. एकटीनं असा व्यवसाय करायला कंपनी काढावी लागत नाही. तुमचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन. याला एकल मालकी म्हणतात.

दोघी-तिघी कायमच्या एकत्र काम करणार असाल तर भागीदारी होते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला कराराचे पैसे वसूल करायला न्यायालयात दावा लावता येत नाही. म्हणून वाटा किती, हिशोब कोण ठेवणार, एखादी सोडून गेली तर काय, हे लिहून भागीदारीपत्र करा आणि ते नोंदवा. सुरुवातीला मात्र एकल मालकीच सोपी.

नाव एक असू द्या

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडकतो तो मुद्दा हा. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर तिसरंच स्पेलिंग. रोजच्या जगण्यात याचं काही बिघडत नाही. पण आधार आणि पॅन जुळले नाहीत की नोंदणी तिथेच थांबते, आणि कुणी धनादेश दिला तर बँक परत करते.

म्हणून आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर कुठलं नाव कायम ठेवायचं ते ठरवा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र कामी येतं. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत बदलू नका.

दुसरी गोष्ट मोबाइलची. तुमच्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे? बऱ्याच जणींचा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. मग ओटीपी आला की त्याला फोन करायचा, आणि तो कामावर असला की तुमचं काम अडलं. स्वतःचा नंबर जोडून घ्या. बँक खात्यालाही तोच द्या.

खातंही फक्त स्वतःच्या नावाचं आणि शक्यतो घरखर्चापासून वेगळं ठेवा. सल्ल्याचे पैसे आणि किराण्याचे पैसे एकाच खात्यात मिसळले की वर्षाअखेर काय उरलं तेच कळत नाही. व्यवहार वाढले की चालू खातं उघडा.

उद्यम नोंदणी : फुकट आहे, फुकटच करा

१ जुलै २०२० पासून लहान उद्योगांसाठी 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. पापड-मसाल्यांसारखीच सेवाही त्यात नोंदवता येते, म्हणजे सल्ला आणि प्रशिक्षणसुद्धा. अर्ज केंद्र सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर भरतात. आधार, पॅन, मोबाइल, बँक खातं आणि कामाची माहिती लागते. नोंदणीला एक रुपयाही सरकारी शुल्क नाही. सेवा केंद्रवाल्यानं अर्ज भरून देण्याचे पैसे घेतले तर ते त्याच्या मेहनतीचे. 'सरकारी फी दोन हजार' असं कुणी म्हणालं तर उठून या. तशा नावाची नकली संकेतस्थळंही आहेत.

नोंदणी पहिल्या कामाच्या आधी करा. कारण उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्ध जे संरक्षण मिळतं, त्यात कामाच्या वेळी नोंदणी होती का, हा वाद उभा राहतो. त्याबद्दल पुढे सांगतेच.

जीएसटी, आयकर आणि इतर

जीएसटी : फक्त सेवा देणारीची वर्षाची एकूण उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावताही येत नाही. कुणी म्हणालं की "जीएसटी नंबर नसेल तर तुमचं बिल चालत नाही", तर शांतपणे सांगा, "माझी उलाढाल मर्यादेच्या आत आहे," आणि तसं बिलावर लिहून द्या.

कापलेला कर : एखादी कंपनी किंवा संस्था व्यावसायिक शुल्क म्हणून तुम्हाला वर्षाला ५०,००० रुपयांहून जास्त देत असेल तर १० टक्के कर कापून बाकीचे पैसे देते. पॅन दिला नाही तर २० टक्के कापला जातो. हा पैसा बुडालेला नसतो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि कर लागू नसेल तर आयकर विवरण भरून परत मागता येतो. विवरणच भरलं नाही तर तो तिथेच राहतो. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागून घ्या.

व्यवसाय कर : महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत व्यवसाय कर लागू होऊ शकतो. तुमच्या कामाला लागू आहे का, हे कर सल्लागाराकडून एकदा पक्कं करा.

दर कसा काढायचा?

"तुम्हीच द्या काय द्यायचं ते," असं म्हणू नका. हिशोब मांडा. समजा, देवळी तालुक्यातल्या गटांना दप्तर लिहायला शिकवायचं आहे. प्रशिक्षण दोन दिवसांचं. पण तयारीला अर्धा दिवस आणि नंतर अहवाल लिहायला अर्धा दिवस, म्हणजे काम तीन दिवसांचं. आकडे फक्त उदाहरणादाखल:

• ३ दिवस × ८०० रुपये = २,४००
• दोन दिवसांचं जाणं-येणं = ३६०
• नमुना पानांच्या झेरॉक्स, चार्टपेपर, पेन = २४०
• एकूण = ३,००० रुपये

आता समोरचा म्हणाला, "दोन हजारात करा." तर ६०० रुपये खर्चाचे वजा जाऊन हातात १,४०० राहतात. तीन दिवसांचे. म्हणजे दिवसाला ४६६ रुपये. हे परवडतं का, ते तुम्ही ठरवा. दर कमी करायचाच असेल तर कामही कमी करा: अहवाल नाही, किंवा झेरॉक्स त्यांनी काढायच्या.

कामाआधी एक पान

तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, पण तो सिद्ध करायचा कसा? म्हणून जाण्याआधी एक पत्र द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर समोरच्याची सही, शिक्का, तारीख घ्या. तेही जमत नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर पाठवून "मान्य आहे" असं लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. पत्र असं असावं:

"आपल्या मागणीप्रमाणे मी दि. — व — रोजी, सकाळी ११ ते ४, — गावी गटाचं दप्तर लिहिण्याचं प्रशिक्षण देईन. महिला जास्तीत जास्त ३०. शुल्क रु. ३,०००, प्रवास व साहित्यासह. त्यापैकी रु. १,००० आधी आणि बाकी बिल दिल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यात जमा करावे. जागा, पाणी व जेवणाची सोय आपली. कार्यक्रम रद्द करायचा असल्यास दोन दिवस आधी कळवावे, नाहीतर आगाऊ रक्कम परत होणार नाही. मी माहिती व मार्गदर्शन देईन. कर्ज मंजुरी किंवा नफ्याची हमी देत नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. "ताईनं सांगितलं होतं कर्ज मिळतेच म्हणून," असं नंतर कुणी म्हणू नये. मोठ्या रकमेचं किंवा वर्षभराचं काम असेल तर मुद्रांक कागदावर करार करा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

बिल आणि थकलेले पैसे

काम झालं की त्याच आठवड्यात बिल द्या. साध्या कागदावर चालतं. त्यावर बिल क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता, पॅन, उद्यम क्रमांक, कामाचं वर्णन, रक्कम आणि बँक खात्याची माहिती लिहा. पोच घ्या.

पैसे आले नाहीत तर? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी नियम आहे. मुदत लेखी ठरली असेल तर त्या तारखेपर्यंत, पण ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होत व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेपुढे जाते.

तीन हजारांसाठी लगेच तक्रार करू नका. आधी आठवणीचं पत्र द्या आणि त्यात या कायद्याचा उल्लेख करा. आपल्याला कायदा माहीत आहे, एवढं कळलं तरी पुष्कळदा फाइल हलते.

हे करू नका

• कुणाचा ओटीपी घेऊ नका, आधारच्या प्रती घरी साठवू नका.
• एका गटाचं पासबुक दुसऱ्या गटात बोलू नका.
• कुणाला जामीन राहू नका आणि कर्ज मंजुरीवर टक्केवारी घेऊ नका.
• जे येत नाही ते सांगू नका. पिकावरच्या औषधाचं प्रमाण कृषी सहायकालाच विचारा म्हणावं.

पुढच्या सभेला

प्रत्येकीनं आधार, पॅन आणि पासबुक घेऊन या. नावं ताडून बघू, नंबर कुणाचा जोडला आहे ते बघू. ज्यांचं जुळतं त्यांची उद्यम नोंदणी करायला एक दिवस ठरवू. आणि एका कागदावर प्रत्येकीनं लिहून आणा: मला काय शिकवता येतं, आणि गेल्या वर्षी त्यासाठी मी किती दिवस फुकट गेले. दिवस मोजा आणि शेजारी तुमच्या गावातली मजुरी लिहा.