४०७ : आधी ओळख द्या

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीने ‘प्रोजेक्ट अथेना’ हाती घेतला. विद्यार्थी संकुलातल्या कोणत्याही संगणकापुढे बसला तरी त्याची ओळख कशी पटवायची, हा त्यातला एक प्रश्न होता आणि त्यातूनच ‘कर्बेरॉस’ ही पद्धत तयार झाली. आज चिखली, खामगाव, मलकापूर इथल्या महाविद्यालयांपुढेही तोच प्रश्न आहे, फक्त गुंतागुंत वाढली आहे. लॅबमधली विंडोज यंत्रे, लिनक्स, मुलांचे मोबाइल, पाहुण्या प्राध्यापकांचा लॅपटॉप या सगळ्यांना एकच पद्धत जमत नाही.

अशा ठिकाणी इंटरनेटच्या वाटेवर प्रॉक्सी सर्व्हर बसवतात. ब्राउझर त्याच्याकडे पान मागतो आणि प्रॉक्सी ते आणून देतो. १९९६पासून उपलब्ध असलेले ‘स्क्विड’ हे काम मोफत करते. ओळख न देता आलेल्या विनंतीला प्रॉक्सी ४०७ क्रमांकाचे उत्तर धाडतो आणि सोबत आपल्याला चालणाऱ्या पद्धतींची यादी देतो. आपल्याला जमणारी त्यातली सर्वांत भक्कम पद्धत ब्राउझरने निवडावी, अशी अपेक्षा असते. काही जुने ब्राउझर मात्र यादीतली पहिलीच उचलत. म्हणून सेटिंगमध्ये क्रम महत्त्वाचा: आधी कर्बेरॉस, मग डायजेस्ट, बेसिक सर्वांत शेवटी.

कर्बेरॉसमध्ये पासवर्ड प्रॉक्सीपर्यंत पोहोचतच नाही. एसटीच्या आगारात एकदा कागदपत्रे दाखवून पास काढला की कंडक्टर फक्त पास बघतो, तसे इथे सकाळी लॉगिन करताना तिकीट मिळते आणि पुढे तेच चालते. तिकिटाला मुदत असल्याने घड्याळे जुळावी लागतात. साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मदरबोर्डवरचा सेल संपलेला जुना संगणक वीज जाऊन आली की भलतीच तारीख दाखवतो आणि पासवर्ड बरोबर असूनही प्रॉक्सी त्याला नाकारतो. लॅबमध्ये वेळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर हवाच, तो याचसाठी.

डायजेस्टमध्ये पासवर्डऐवजी त्यावरून काढलेली सांकेतिक खूण जाते. बेसिकमध्ये मात्र नाव आणि पासवर्ड बेस-६४ या लिपीत जातात. ही लिपी कोणालाही क्षणात उलगडता येते, आणि पासवर्ड प्रत्येक विनंतीसोबत पुन्हा पाठवला जातो. संकेतस्थळाचे कुलूपचिन्ह दिसले की विद्यार्थी निर्धास्त होतात. पण ते कुलूप असते संकेतस्थळाच्या मजकुराला. ब्राउझर आणि प्रॉक्सी यांच्यातला पासवर्ड तरीही उघडाच राहू शकतो. मधे कान लावून बसलेल्याने यादीतल्या भक्कम पद्धती गाळून टाकल्या, तर ब्राउझर निमूटपणे बेसिककडे वळेल. चार पद्धती ठेवल्या तरी सुरक्षितता सर्वांत कच्च्या पद्धतीइतकीच, हे माझे ठाम मत याचमुळे आहे.

मोबाइलवर सेटिंगची कटकट नको म्हणून काही ठिकाणी राउटरच वाहतूक परस्पर प्रॉक्सीकडे वळवतो. तिथे ४०७ चालत नाही. आपण थेट संकेतस्थळाशीच बोलतो आहोत असे ब्राउझरला वाटत असते, मग मधल्याच कुणाला तो ओळख का देईल? अशा फोनांसाठी वायफायला जोडताच उघडणारे लॉगिन पान हाच मार्ग उरतो.

संगणक विभागाच्या प्रमुखांना विनंती एवढीच: बेसिक ठेवावेच लागले, तर ब्राउझर ते प्रॉक्सी हा टप्पा टीएलएसने बंदिस्त करा, आणि परीक्षा व फीच्या पोर्टलचा पासवर्ड प्रॉक्सीसाठी वापरायला लावू नका.