डेव्हिसबाईंची यादी

सणासुदीचे दिवस आले की वाचकांच्या पत्रांत एक सूर हमखास लागतो. या वेळी एका भगिनींनी तो नेमक्या शब्दांत मांडला आहे. गौरीच्या जेवणात त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, वर तुपाची धार घेतली. पोट तृप्त झालं, पण रात्रभर मन खात राहिलं. दुसऱ्या दिवशी नाश्ता टाळला, दुपारी नुसती काकडी खाल्ली आणि संध्याकाळी डब्यात उरलेल्या पोळ्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवल्या. त्यांचा प्रश्न असा : शरीराला काय आणि किती हवं, ते शरीराला खरंच कळतं का? भुकेवर भरवसा ठेवावा का?

हा प्रश्न विज्ञानाने एकदा थेट तान्ह्या बाळांनाच विचारला होता. विचारणाऱ्या होत्या डॉ. क्लारा डेव्हिस. आहारशास्त्राच्या इतिहासात या बाईंचं नाव फार मोठ्या अक्षरांत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. बालरोगतज्ज्ञ आणि संशोधक सोडले तर आज त्यांची ओळख फारशी कुणाला नाही.

१९२० च्या दशकात अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आईच्या हातात तक्ता देत. अमुक वाजता, अमुक इतकं, अमुकच. मूल तोंड फिरवू लागलं की जबरदस्ती, आमिष, रडारड. आणि जेवत नाही म्हणून पुन्हा डॉक्टर. डेव्हिसबाईंना वाटलं, या सगळ्यात मुलाला कुणी विचारलंच नाही. १९२६ साली क्लीव्हलँडच्या माउंट सायनाय रुग्णालयात त्यांनी नुकतं दूध तुटलेल्या बाळांवर प्रयोग सुरू केला, पुढे तो शिकागोत नेला. एकूण पंधरा बाळं, आली तेव्हा सहा ते अकरा महिन्यांची. घरच्या गरिबीमुळे ती रुग्णालयात राहायला आली होती. काही अशक्त होती, काहींना मुडदूस होता. घट्ट अन्नाची चव त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे आवडीनिवडी, लाड, धाक यांचा लवलेश नव्हता. काही बाळं सहा महिने, तर काही साडेचार वर्षांपर्यंत या प्रयोगात राहिली.

जेवणाच्या वेळी बाळासमोर ट्रे यायचा. त्यात वेगवेगळ्या भांड्यांत साधं दूध, विरजलेलं दूध, अंडी, सफरचंद, केळं, बीट, गाजर, वाटाणे, कोबी, बटाटा, गव्हाची आणि ओटची पेज, गोमांस, मासळी, यकृत, मूत्रपिंड, हाडातला मगज असे पदार्थ. पूर्ण यादीत ते तीसहून अधिक होते आणि एका वेळी त्यांतले काही मांडले जात. काहीही एकत्र कालवलेलं नाही, साखर नाही, स्वयंपाकात मीठसुद्धा नाही. मीठ वेगळ्या वाटीत. परिचारिकेला सूचना एकच, पण पाळायला भलतीच अवघड : हातात चमचा धरून शांत बसायचं. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात केला तरच त्यातला चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच भरवायचा. हे घे, ते छान आहे, अजून एक घास... यातलं काही बोलायचं नाही. चेहऱ्यावर कौतुक नको, नाराजीही नको. चिऊ-काऊचे घास भरवत वाढलेल्या आपल्या समाजाला हे किती कठीण वाटेल, याची कल्पना करून पाहा! जेवण झालं की उरलेलं अन्न वजन करून नोंदवायचं. लाळेऱ्यावर आणि जमिनीवर सांडलेलंही.

सुरुवातीच्या जेवणांत बाळांनी सगळंच चाखलं. चमच्याची कड आणि कागदाचा कपटासुद्धा आशेने चघळून पाहिला. मिठाची चिमूट तोंडात गेली की ठसका लागे, कुणी भोकाड पसरे, आणि तरी हात पुन्हा मिठाच्या वाटीकडे जाई. दोन बाळांनी लेट्यूसच्या पानाला आणि एकाने पालकाला कधी तोंड लावलं नाही. लवकरच प्रत्येकाची आवड ठरली आणि कुणाचीच कुणाशी जुळेना. सकाळच्या न्याहारीला संत्र्याचा रस आणि यकृत, रात्री अंडी, केळी आणि दूध! काही दिवस नुसती अंड्यांची लाट, मग मांसाची, मग पेजेची. कुठल्याही आहारतज्ज्ञाने कपाळाला हात लावावा असं हे खाणं. पण आठवडे-महिने एकत्र धरून हिशेब मांडला, तर प्रत्येकाला उष्मांक आणि प्रथिनं हवी तितकी मिळालेली होती. अशक्त बाळं सुधारली, मुडदूस असलेल्यांची हाडं भरली. तीव्र मुडदूस असलेल्या एका बाळाच्या ट्रेमध्ये कॉडलिव्हर तेलाचा छोटा पेला ठेवत. तो ते कधी घेई, कधी नाही. कधी थोडं, कधी जास्त. रक्तातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस ठीक झालं, क्ष-किरणांच्या चित्रात हाडं भरलेली दिसली आणि त्यानंतर त्याने त्या पेल्याला हात लावला नाही.

एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. तुलनेसाठी दुसरा गट या प्रयोगात नव्हता, बाळं मोजकीच होती आणि घराऐवजी रुग्णालयात वाढत होती. पण मुख्य निष्कर्षाला पुढे भक्कम आधार मिळाला. १९९१ साली लिअॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. एकेका जेवणातले उष्मांक सरासरीच्या ३३.६ टक्के इतके वरखाली होत होते; दिवसाच्या बेरजेतला चढउतार मात्र १०.४ टक्केच. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी भर घालत होतं, दुपारी भरपूर जेवलेलं संध्याकाळी हात आखडत होतं. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं हे आहे. रोजची खरेदी कमी-जास्त असते, एखाद्या दिवशी सणाचा बाजारही होतो, पण वाणी दर खेपेला दारात येऊन पैसे मागत नाही. हिशेब महिन्याला मिटतो. एका जेवणावर निकाल द्यायची घाई आपल्याला असते, शरीराला नसते.

डेव्हिसबाईंचं काम बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरच्या १९४६ सालच्या गाजलेल्या पुस्तकामुळे घराघरांत पोचलं आणि तिथून त्याची मोडतोडही सुरू झाली. आज 'मनाचं ऐका, हवं ते खा' असं शिकवणारे महागडे वर्ग चालतात. शरीराला सगळं कळतं, मग चिप्सची इच्छा झाली तर तीही शरीराचीच मागणी, असं तिथे ठासून सांगतात. या लोकांनी डेव्हिसबाईंचा निबंध मुळातून वाचावा. १९३९ साली कॅनडाच्या वैद्यक संघटनेपुढे बोलताना त्यांनी आपल्या प्रयोगातली मेख स्वतःच उघड केली होती : खरी करामत पदार्थांच्या यादीत आहे. ट्रेमध्ये साखर, मैदा, डबाबंद असं काहीच नव्हतं. बाळाने काहीही निवडलं तरी ते नैसर्गिक आणि सकसच असणार होतं. यादी मोठ्यांची, निवड मुलांची. इतकी स्वच्छ मांडणी आहारशास्त्रात मी क्वचितच वाचली आहे.

बाईंना पुढचा प्रयोगही करायचा होता : ट्रेमध्ये कारखान्यात प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवले, तर हीच भूक काय करते? पण जागतिक मंदी आली, पैसा आटला आणि तो प्रयोग राहून गेला.

त्या जातीचा प्रयोग व्हायला २०१९ साल उजाडावं लागलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस प्रौढ माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं. समोर मांडलेल्या दोन्ही ताटांतले उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ जुळवलेलं. हवं तेवढं खा, हवं तेवढं टाका. कारखानी अन्नाच्या पंधरवड्यात माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. साध्या अन्नावर तितकंच उतरलं. विशेष म्हणजे दोन्ही जेवणं त्यांना सारखीच रुचकर वाटली होती. माणसं तीच, त्यांचा निग्रहही तोच. फरक फक्त ताटात होता. डेव्हिसबाई हे वाचायला हव्या होत्या!

आता पत्रातल्या अपराधी भावनेकडे येऊ. १९७५ साली हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिलं : कुणाला एक ग्लास, कुणाला दोन, कुणाला काहीच नाही. मग आइस्क्रीमची चव पारखायच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम खाऊ दिलं. एरवी मनमोकळं खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत तोलूनमापून खाणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. नेम मोडलाच आहे, तर आता हात कशाला आखडायचा! जेनेट पॉलिव्ही यांनी पुढच्या वर्षी दाखवलं की, अशा माणसांमध्ये खाल्लेल्या पदार्थात उष्मांक खरोखर किती होते यापेक्षा, ते खूप होते या समजुतीचा परिणाम मोठा असतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. ओट्यापाशी उभ्याने संपलेल्या त्या पोळ्यांची सुरुवात आदल्या दिवशीच्या जेवणात नव्हती. टाळलेल्या नाश्त्यात आणि दुपारच्या काकडीत होती.

पण या बोचणीमुळे निदान ताबा तरी येत असेल ना? न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या २०१४ च्या अभ्यासात लोकांना विचारलं : चॉकलेट केक म्हटलं की मनात काय येतं, अपराध की आनंद? अपराध म्हणणाऱ्यांचा खाण्यावरचा ताबा त्यांच्या स्वतःच्याच मते कमी होता. वजन राखायचं ठरवलेल्यांत हे लोक दीड वर्षाने मागे पडलेले दिसले. अपराधाने झोप उडते, शिस्त येत नाही.

आपल्याकडे हे ओझं चुकीच्या खांद्यावर पडण्याचं आणखी एक कारण पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास १९९० च्या दशकापासून करत आहेत. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बारक्या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून असते. ही ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते, आणि हा कल गर्भातच, आईच्या पोषणातून घडू लागतो. ज्याला मधुमेह आहे त्याने डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळलंच पाहिजे, त्यात सूट नाही. मात्र पथ्य म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. इन्शुलिनचं गणित गर्भापासूनच्या पोषणाचं असताना एका सणाच्या पोळीने माणूस दोषी ठरत नाही.

मुलांच्या बाबतीत तर मोठ्यांची जबाबदारी आणखी वाढते. पानात टाकू नये, हा संस्कार अन्नाच्या टंचाईतून आला आणि तो मोलाचा आहे. तो पाळायचा सोपा मार्ग म्हणजे मुलाला थोडं वाढायचं आणि पुन्हा मागू द्यायचं. आपण भरगच्च वाढतो आणि मग पान स्वच्छ कर म्हणून डोळे वटारतो; ते जमलं नाही की हातात मोबाइल देऊन घास कोंबतो. २००६ सालच्या एका प्रयोगात बालवाडीतल्या मुलांना सूप संपवण्याचा आग्रह केला. आग्रह नसताना त्यांनी जास्त सूप प्यायलं, आणि ज्याचा आग्रह झाला त्या सुपाला मात्र नावं ठेवली. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी डेव्हिसबाईंच्या विचाराशी जुळणारा साधा नियम केला आहे : काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने.

या नियमाचा पहिला भाग आता घराच्या हातात पूर्ण उरलेला नाही, हे माझं खरं दुखणं आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लटकत असतात. यादी तिथे कारखाना ठरवतो, आणि अपराधी वाटायचं खाणाऱ्याने! चिलीने २०१६ साली हे उलटं केलं. साखर, मीठ, स्निग्धांश किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले, शाळांतली त्यांची विक्री बंद केली, मुलांना उद्देशून होणारी जाहिरात रोखली. त्यानंतर गोड पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटली. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतचं मानांकन सुचवलं होतं. माझ्या मते तो मार्ग चुकीचा आहे, कारण सगळ्यात खराब पाकिटालाही त्यात अर्धा तारा मिळतो. भारतातल्या पाकिटांवर ताऱ्यांऐवजी चिलीसारखा काळा इशारा हवा, आणि ही मागणी आपण ग्राहकांनी, पालकांनी, शाळांनी लावून धरली पाहिजे.