'रिस्ट्रिक्ट' म्हणजे बंदी नव्हे

आमच्या वस्तीतील बारावी झालेला एक मुलगा धुळ्याहून एक जाहिरात घेऊन आला. त्यातील जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी 'रिस्ट्रिक्टेड टू' असे छापले होते. "काका, आपल्याला बंदी आहे," म्हणून त्याने अर्जच भरला नव्हता. आम्ही वाचले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. जागा नेमक्या त्याच्यासाठीच होत्या!

विद्यार्थी मित्रांनो, हे क्रियापद मूळचे लॅटिन. त्याचा अर्थ मागे ओढून आवळणे. आपला जळगाव 'डिस्ट्रिक्ट' त्याच धातूचा, एका अंमलाखाली बांधलेला मुलूख. बंदीला इंग्रजीत 'प्रोहिबिट' आहे. 'रिस्ट्रिक्ट'मध्ये गोष्ट चालू राहते, फक्त तिला कुंपण पडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर खात्यातून आठवड्याला आधी २०,००० आणि मग २४,००० रुपयेच काढता येत होते. काउंटरवर आम्ही दिवसभर हेच समजावीत होतो की पैसे बुडाले नाहीत, काढण्यावर मर्यादा आहे.

पुढे 'टू' आला की मराठीत 'पुरते' म्हणावे. भाषण पाच मिनिटांपुरते, जागा अमक्यांपुरत्या. हा 'पुरते' ध्यानात ठेवला तर अर्धी इंग्रजी जाहिरात उलगडते.

या 'पुरते'ची झळ आपल्या समाजाने सोसली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले. त्याच वर्षी बाबासाहेबांसह लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, पण बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. मधल्या चौतीस वर्षांत केंद्राच्या किती नोकऱ्या हुकल्या असतील, ते ज्या त्या घराला ठाऊक.

राज्यघटनेत हाच शब्द दोन तऱ्हांनी येतो. कलम १५ म्हणते, दुकाने, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरावर जातीच्या कारणाने कोणताही निर्बंध नको. कलम १९ मात्र स्वातंत्र्यांवर वाजवी निर्बंध चालू देते. तेथे भाषणस्वातंत्र्याच्या निर्बंधांना 'वाजवी' हे विशेषण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने जोडले. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालय तपासते.

तो मुलगा आता दर जाहिरात आधी आम्हाला दाखवतो. इतरांनीही रविवारी विहारात आणाव्यात, मुदतीच्या आत.