दुधाळ्याची निर्वात नळी

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे होऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेचे नाव बहुधा कृष्णविवरांच्या संदर्भात घेतले जाते. भारत-अमेरिका सहकार्याच्या या प्रकल्पाची निम्मी भिस्त पोलाद आणि काच यांच्यावर आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिलेल्या या वेधशाळेला काटकोनात जुळलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील, आणि गुरुत्वीय लहर, म्हणजे प्रचंड वस्तुमानांच्या हालचालीने अवकाशातच उठणारा तरंग, येऊन गेल्यास त्यांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असा फरक लेझरच्या किरणाने टिपला जाईल.

इतक्या सूक्ष्म मोजमापात हवेचे रेणूही आड येतात, म्हणून किरणाची नळी निर्वात ठेवावी लागते. पंपांनी हवा उपसणे हा त्यातला सोपा भाग (अमेरिकेतील लायगो वेधशाळेत त्यालाही 40 दिवस लागले). खरी डोकेदुखी पोलादात मुरलेल्या हायड्रोजनची असते, कारण वरून चकचकीत दिसणाऱ्या भिंतीतून तो वर्षानुवर्षे झिरपत राहतो. अमेरिकेतील नळ्यांचे जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचे स्टेनलेस पोलाद म्हणूनच आधी सुमारे 450 अंश सेल्सिअसला भाजून घेतले गेले. किरण परतवणाऱ्या आरशांची तऱ्हा वेगळीच आहे: शुद्ध सिलिका काचेचा 40 किलोंचा आरसा 0.4 मिलिमीटर जाडीच्या काचेच्याच तंतूंवर टांगलेला असतो. ही टांगणी ग्लासगो विद्यापीठाने विकसित केली, तर आरशांवरील परावर्तक लेप फ्रान्समधील लिओं येथे चढवले गेले.

दुधाळ्याच्या निर्वात यंत्रणेची जबाबदारी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे, आणि स्वच्छ ऊर्जेचा धागा येथे येऊन मिळतो. हलक्या अणुकेंद्रकांच्या जोडणीतून, म्हणजे अणुसंमीलनातून, ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पाच्या करारावर भारताने नोव्हेंबर 2006 मध्ये सही केली, त्यातील भारताचा वाटा हीच संस्था सांभाळते, आणि अणुभट्टीला वेढणारे सुमारे 29 मीटर उंचीचे पोलादी निर्वात पात्र भारतानेच पुरवले आहे. तेथे 15 कोटी अंशांचा प्लाझ्मा अशुद्धीपासून जपायचा असतो, येथे प्रकाशाचा किरण. पण जोडातून गळणारी हवा आणि धातूतून सुटणारा वायू हे शत्रू दोन्हीकडे तेच आहेत. संमीलनाची वीज घरोघरी पोहोचायला अजून बराच अवधी आहे. तिच्यासाठी कमावलेले कसब त्याआधी दुधाळ्याच्या नळ्यांत उपयोगी पडणार आहे.