सरकारी हिशेबात न दिसणारा खर्च

दरवर्षी राज्याचा अर्थसंकल्प गाजतो. प्रत्यक्ष लेखे विधिमंडळापुढे येतात तेव्हा मात्र त्यांची फारशी चर्चा होत नाही. वस्तुतः राज्याची खरी स्थिती लेख्यांतच शोधावयाची असते.

आपल्याकडे हे लेखे रोख पद्धतीने ठेवले जातात. पैसा आला की जमा, गेला की खर्च. मार्चअखेर ठेकेदाराचे देयक थकविले, तर तूट तेवढी कमी दिसते. देणे मात्र तसेच राहते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. बांधकामाचा खर्च त्या त्या वर्षी नोंदला गेला. परंतु कालवे दरवर्षी झिजतात, त्या घसाऱ्याला रोख लेख्यांत स्थान नाही. त्यामुळे दुरुस्ती टाळणे ही कागदावर बचतच ठरते.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यानंतर उपार्जन पद्धती स्वीकारली. तेथे देणी आणि घसारा दोन्ही हिशेबात धरली जातात. ब्रिटननेही २००९-१० पासून संपूर्ण शासनाचे असे एकत्रित लेखे प्रसिद्ध केले. तथापि केवळ पद्धतीने सारे साधत नाही. अनेक स्थानिक संस्थांचे विश्वसनीय हिशेब न मिळाल्याने ब्रिटनच्या २०२२-२३ च्या लेख्यांवर लेखापरीक्षकांना मतच देता आले नाही.

बाराव्या वित्त आयोगाने आपल्याकडेही उपार्जन पद्धतीची शिफारस केली होती. ती पूर्णत्वास जाईपर्यंत निदान थकलेली देयके आणि रखडलेली दुरुस्ती यांचे सुबोध विवरण अर्थसंकल्पासोबत मांडले जावे. जे देणे नागरिकाला फेडावयाचे आहे, ते त्याला आधी दिसले तरी पाहिजे.