औषधाची सूक्ष्म कुपी

रोगजंतूंना मारणारे औषध सापडले म्हणजे रोग हटलाच, असे पुष्कळांना वाटते. परंतु ते औषध जंतूच्या ठिकाणापर्यंत पोहोचावेही लागते आणि हे काम कित्येकदा फार कठीण असते.

क्षयजंतूच्या गोत्रातील मायकोबॅक्टेरियम एव्हियम नावाचे जंतू व त्यांचे भाऊबंद माती आणि पाणी यांत वास करतात. निरोगी माणसाला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. पण ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी झालेली असतात, त्याच्या ठिकाणी ते घर करतात. मग खोकला हटत नाही, अंग झडू लागते आणि दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळते. वास्तविक फुप्फुसांत रक्षणासाठी भक्षकपेशी असतात. परका जंतू आढळताच त्या त्याला गिळून पचवून टाकतात. हे जंतू मात्र मोठे धूर्त! ते गिळले जातात, पण पचत नाहीत. पहारेकऱ्याच्याच घरात चोराने बिऱ्हाड थाटावे, तसे ते भक्षकपेशीच्या पोटात राहतात आणि तेथेच वाढतात.

ॲमिकॅसिन हे औषध या जंतूंना मारू शकते. परंतु ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पेशीभोवतीचे स्निग्ध आवरण त्याला सहजासहजी ओलांडता येत नाही. सुईवाटे दिले, तर ते शरीरभर पसरते आणि जंतूंपाशी थोडेच पोहोचते. मात्रा वाढवावी, तर मूत्रपिंडांना इजा होण्याचे भय असते, तसेच आतल्या कानातील नाजूक पेशी मरू लागतात. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. खोकला जावा म्हणून रोग्याने बहिरेपण पत्करावे काय, असा हा पेच होता.

त्यातून सुटण्याची वाट अगदी निराळ्या कामातून निघाली. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ लेसिथिन या पदार्थाचा अभ्यास करीत होते. अंड्याच्या बलकात तो विपुल असतो. वरणावर सोडलेले तूप पाण्याशी एकजीव होत नाही, हे सर्वांनी पाहिलेले आहे. लेसिथिनच्या कणाचा स्वभाव मात्र दुहेरी असतो. त्याच्या एका टोकाला पाणी आवडते, तर दुसऱ्याला ते मुळीच खपत नाही. असे असंख्य कण पाण्यात पडले की नावडते टोक आत लपवून दुहेरी रांगा धरतात आणि त्या रांगांचे बंद गोलक बनतात. १९६१ साली संस्थेतील नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पारखून पाहताना बँगहॅम आणि त्यांचे सहकारी हॉर्न यांना ही रचना दिसली. या गोलकांना पुढे लायपोसोम हे नाव मिळाले. गोलकाच्या पोटात पाणी कोंडले जाते. मग त्या पाण्यात औषध का भरू नये?

ॲमिकॅसिन भरलेला गोलक सुमारे ३०० नॅनोमीटर रुंद असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. डोक्यावरील केसाच्या जाडीत असे दोनशे तरी गोलक ओळीने मावतील! यंत्राने या औषधाचे धुके करून ते रोग्याला श्वासावाटे देतात. फुप्फुसांतील भक्षकपेशी सवयीप्रमाणे गोलकांना परके कण समजून गिळते आणि औषध थेट जंतूंच्या बिऱ्हाडात जाऊन उतरते.

अमेरिकेत २०१८ साली या औषधाला मान्यता मिळाली. त्यापूर्वी, नेहमीच्या औषधांनी बरे न झालेल्या ३३६ रोग्यांत त्याची पारख झाली. नेहमीच्या औषधांना याची जोड मिळालेल्यांपैकी शेकडा २९ जणांच्या थुंकीतून सहा महिन्यांत जंतू नाहीसे झाले. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ९ होते. म्हणजे बहुतेकांच्या अंगी जंतू राहिलेच, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय या धुक्याने पुष्कळांचा आवाज बसतो, खोकलाही वाढतो. रक्तात ॲमिकॅसिन फार थोडे उतरते, हा मोठाच लाभ. तरीही उपचार चालू असता वैद्य रोग्याच्या कानांकडे लक्ष ठेवून असतात.